माउंट व्हर्नॉनचं घर कुणाचं, आणि त्याची पन्हाळ कोण साफ करतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलीकडे व्हर्जिनियाला आलात, माउंट व्हर्नॉनला जॉर्ज वॉशिंग्टनचं घर बघायला गेलात, तर बाहेर परांची बांधलेली, अर्ध्या खोल्या बंद, आणि तिकीट मात्र पूर्ण. वर गाईडने सांगितलं की हे घर सरकारचं नाहीच, एका महिला मंडळाचं आहे. तुम्हाला ती थाप वाटली. दुसरं असं, की तुमच्या गावात एका स्वातंत्र्यसैनिकाचं माडीचं घर ढासळतंय, तर त्यासाठी असंच मंडळ काढावं का.

गाईड खरं तेच बोलली. घर ‘माउंट व्हर्नॉन लेडीज असोसिएशन’ या खासगी संस्थेच्या मालकीचं आहे. ते चालवायला सरकारी अनुदान घेत नाहीत. तिकीट, देणग्या, ठेवी, दुकान आणि खानावळ यांवर सगळं चालतं. तेव्हा ज्या तिकिटाने तुमच्या खिशाला चाट बसली, त्यातला काही भाग त्या परांचीवरच खर्च झाला असं समजा.

मी त्या संस्थेत नोकरीला नाही, हे आधीच सांगते. माझा हात बसला नाशिकच्या वाड्यांवर आणि गेली वीस वर्षं मी मेरीलँडमध्ये जुन्या लाकडी घरांची दुरुस्ती करते. माउंट व्हर्नॉनला पाहुणी म्हणूनच जाते, पण एवढ्या वेळा गेलेय की तिथल्या पहारेकऱ्यांना मी ‘जमिनीकडे बघत फिरणारी बाई’ म्हणून माहीत असेन.

तुम्ही विचारलंय की पैसा कुणाचा. माझ्या अनुभवात पैसा एकदा उभा राहतो हो. लोक भावनेच्या भरात देतात, पुढारी जाहीर करतात. अडतं ते पुढे. उद्घाटनाचा फोटो जुना झाल्यावर, विसाव्या किंवा चाळिसाव्या पावसाळ्यात, शिडी लावून पन्हाळीतला पालापाचोळा कोण काढणार? माउंट व्हर्नॉनची गोष्ट मला त्यासाठी सांगावीशी वाटते.

वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात गेला, पत्नी मार्था १८०२ मध्ये. घर पुतण्याकडे आणि पुढे घराण्यातच राहिलं. मोठं घर, कस गेलेली जमीन, शेतीत पैसा नाही, आणि राष्ट्रपित्याचं घर म्हणून वर्षाला हजारो लोक फुकट येणार. आठवण म्हणून कुणी लाकडाची ढलपी काढून नेणार, कुणी झाडाची फांदी. १८५० च्या दशकात मालकी जॉन ऑगस्टिन वॉशिंग्टन या वंशजाकडे होती. त्याने घर केंद्र सरकारला देऊ केलं, व्हर्जिनिया राज्याला देऊ केलं. दोघांनीही घेतलं नाही. नदीकडचा तो उंच ओसरा तुम्ही पाहिलात ना, ज्याला तिथे पियाझा म्हणतात? त्याच्या छताला तेव्हा गलबताच्या डोलकाठ्यांचे टेकू दिलेले होते.

१८५३ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या लुइसा कनिंगहॅम नावाच्या बाई पोटोमॅक नदीतून आगबोटीने चालल्या होत्या. तिथून जाताना बोटीची घंटा वाजवायचा रिवाज होता. घंटा ऐकून त्या डेकवर आल्या आणि चांदण्यात त्यांना ते पडकं घर दिसलं. त्यांनी मुलीला पत्र लिहिलं: पुरुषांना जमत नसेल तर बायकांनी का करू नये? मुलगी ॲन पामेला. लहान वयात घोड्यावरून पडून पाठ दुखावलेली, आयुष्यभर आजारी, अविवाहित. तिने त्याच डिसेंबरात चार्ल्सटनच्या वर्तमानपत्रात दक्षिणेतल्या स्त्रियांना उद्देशून आवाहन छापलं, तेही स्वतःच्या नावाने नाही, ‘दक्षिणेची एक गृहिणी’ अशा सहीने. बायकांचं नाव वर्तमानपत्रात येणं घरंदाज समजलं जात नव्हतं. मतदानाचा हक्क तर देशभर मिळायला १९२० उजाडलं.

१८५६ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने संस्थेला सनद दिली. पण घर बायकांच्या मंडळाला विकायला मालक राजी नव्हता, त्याला सरकारच खरेदीदार हवं होतं. १८५८ मध्ये राज्याने पुन्हा नकार दिल्यावर तो वळला. ६ एप्रिल १८५८ ला करार झाला: घर आणि भोवतालची २०० एकर जमीन, किंमत २ लाख डॉलर. त्यातले जवळपास ६९ हजार एकट्या एडवर्ड एव्हरेट या वक्त्याने उभे केले. गावोगाव फिरून त्याने वॉशिंग्टनवरचं एकच भाषण शंभराहून जास्त वेळा दिलं. (गेटिसबर्गला लिंकनच्या दोन मिनिटांच्या प्रसिद्ध भाषणाआधी दोन तास बोलला, तो हाच.) बाकीचे पैसे राज्याराज्यातल्या बायकांनी गोळा केले. २२ फेब्रुवारी १८६० ला, वॉशिंग्टनच्या जन्मदिवशी, ताबा मिळाला.

इथपर्यंतची कथा गाईड सांगतातच. मला जास्त रस आहे तो पामेलाबाईंनी संस्थेची घडी कशी बसवली त्यात. प्रमुख ती ‘रीजंट’, तिच्याखाली राज्यागणिक एक ‘व्हाइस रीजंट’. पगार कुणालाच नाही. प्रत्येकीने आपल्या राज्यातून पैसा आणायचा, आणि सभेसाठी स्वतः त्या जागेवर यायचं. आजही हीच घडी आहे आणि मंडळावर आजही बायकाच आहेत. सुरुवातीला खोल्यासुद्धा राज्यांना वाटून दिल्या होत्या, ही खोली या राज्याने सजवायची, ती त्या राज्याने. दूरच्या बाईलाही त्यामुळे ‘माझी खोली’ वाटायची. याचा तोटाही झाला, त्याकडे येतेच.

दुसरी गोष्ट, जागेवर पगारी माणूस. ताबा मिळून जेमतेम वर्ष उलटलं तोच उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत यादवी युद्ध पेटलं. रीजंट दक्षिणेत अडकली ती युद्ध संपेपर्यंत. घरात राहिले दोघे: सेक्रेटरी सारा ट्रेसी, न्यूयॉर्क राज्यातली, म्हणजे उत्तरेची, आणि व्यवस्थापक अप्टन हर्बर्ट, व्हर्जिनियाचा, म्हणजे दक्षिणेचा. एकटी बाई नको म्हणून सोबतीला एक मैत्रीण. सारा ट्रेसीने उत्तरेचा सेनापती विनफिल्ड स्कॉट याच्यापर्यंत जाऊन ही जागा तटस्थ राहील अशी व्यवस्था करून घेतली. दोन्ही बाजूंचे सैनिक घर बघायला येत, पण बंदुका बाहेर ठेवून. ज्या वंशजाने घर विकलं तो १८६१ मध्येच दक्षिणेच्या बाजूने लढताना मारला गेला; घर त्याच्याकडे असतं तर दुसऱ्या बाजूने ते शत्रूची मालमत्ता म्हणून धरलं असतं असं मला वाटतं. ट्रेसी आणि हर्बर्टने पुढे लग्न केलं, पण तो आपला विषय नाही. त्यानंतर हॅरिसन डॉज नावाचा व्यवस्थापक आला १८८५ मध्ये, तो १९३७ पर्यंत होता. बावन्न वर्षं! कुठल्या कोपऱ्यात पाणी कधी झिरपलं हे ज्याला पाठ आहे असा माणूस कुठल्याही अहवालाला भारी पडतो.

आता तुमची परांची. हे घर दगडाचं नाही हे तुमच्या लक्षात आलं का? बहुतेकांच्या येत नाही. पाइनच्या फळ्यांच्या कडांना उतार देऊन त्या दगडी चिऱ्यांसारख्या दिसतील अशा कापल्या, रंग दिला, आणि रंग ओला असतानाच त्यावर बारीक वाळू फेकून मारली. हात फिरवलात तर खरखरीत दगडच लागतो. वॉशिंग्टनची हौस ती! पण आत हाडं लाकडाचीच, आणि लाकडी घराचा जीव तळाशी असतो. पायाच्या भिंतीवर सगळीकडून आडवी टाकलेली जी तुळई असते, जिच्यावर खांब उभे राहतात, तिला इकडे सिल म्हणतात. मी कुठल्याही नव्या कामाला गेले की दर्शनी भाग बघतच नाही. घरामागे जाते, गुडघ्यावर बसते आणि त्या तुळईत दाभण टोचते. चांगलं लाकूड दाभण दोन-तीन मिलिमीटरवर अडवतं आणि काढताना धरून ठेवतं. कुजलेल्यात दाभण मुठीपर्यंत जातं, आवाजसुद्धा येत नाही, आणि वरचा रंग मात्र तुकतुकीत असतो. कारण दहापैकी आठ वेळा एकच: वरची पन्हाळ तुंबलेली किंवा जमिनीचा उतार घराकडे आलेला.

तुम्ही गेलात तेव्हा माउंट व्हर्नॉनला जे चाललं होतं ते याच जातीचं काम. साधारण ४ कोटी डॉलरचा प्रकल्प, २०२३ पासून: तळच्या सिल आणि पायाची दुरुस्ती, लाकडी सांगाडा पायाला नीट जखडणं, पाण्याचा निचरा, आतली हवा कोरडी ठेवणारी नवी यंत्रणा. असं काम पूर्ण झाल्यावर बघणाऱ्याला जवळजवळ काहीच वेगळं दिसत नाही, आणि तसंच व्हायला हवं. ज्या दुरुस्तीवर कोनशिला लावायला जागा नाही ती करवून घेणारी संस्था मला मोठी वाटते.

खोदण्याआधी पुरातत्त्वज्ञांनी तळघर तपासलं. तिथल्या खड्ड्यांत अठराव्या शतकातल्या ३५ काचेच्या बाटल्या निघाल्या, त्यातल्या २९ धड, आणि आत चेरी आणि इतर फळं, अडीचशे वर्षं टिकलेली. बातमी २०२४ मध्ये जगभर झाली. घाईत ठेकेदाराने चर मारला असता तर त्या काचा ट्रकमध्ये गेल्या असत्या.

आता खोल्या सजवण्याचा तोटा. ताबा मिळाला तेव्हा घर जवळपास रिकामं होतं. मूळच्या वस्तू म्हणजे लाफायेत या फ्रेंच सेनानीने पाठवलेली पॅरिसच्या बास्तील तुरुंगाची किल्ली, हुदों या फ्रेंच शिल्पकाराने घडवलेला मातीचा अर्धपुतळा, पृथ्वीचा गोल, अशा मोजक्याच. मग प्रत्येक राज्याच्या बाईने प्रेमाने जे आणलं ते ठेवलं. सुंदर, पण वॉशिंग्टनचं नव्हे. ते निस्तरायला पिढ्या गेल्या. त्याच्या मृत्यूनंतर केलेली घरातल्या सामानाची यादी उपलब्ध आहे, तिच्याशी ताडून एकेक वस्तू बदलली गेली. नंतरच्या मालकाने जोडलेला बाजूचा ओसरा आणि पियाझावरचा कठडा काढून टाकला, कारण संस्थेने वर्ष ठरवलं: १७९९. भिंतींच्या रंगाचे सूक्ष्मदर्शकाखाली थर तपासले, तर १९८० च्या सुमारास लहान जेवणघराचा खरा रंग भडक हिरवा निघाला. लोकांना शांत, फिकट वॉशिंग्टन हवा होता, तो निघाला पोपटी. पण पुरावा होता, म्हणून तोच रंग दिला.

वर्ष ठरवणं सोपं नाही, आणि इथे परिस्थितीवर फार अवलंबून आहे. चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या माँटपेलियर या घरावर नंतरच्या ड्यू पाँट कुटुंबाने प्रचंड बांधकाम केलं होतं. २००३ ते २००८ या काळात ते पाडून आतलं मूळ घर मोकळं केलं. मला तो निर्णय आजही पूर्ण पचलेला नाही. नंतरच्यांचं आयुष्यही इतिहासच असतं. स्प्रिंगफील्डचं लिंकनचं घर मुलाने १८८७ मध्ये राज्याला दिलं, १९७२ पासून ते केंद्राच्या उद्यान विभागाकडे आहे आणि उत्तम सांभाळलंय. तिसरे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचं घर माँटिसेलो १९२३ पासून खासगी प्रतिष्ठानकडे आहे, पण त्याआधी जवळपास नव्वद वर्षं ते लेव्ही नावाच्या ज्यू कुटुंबाकडे होतं, तेही सांगितलं जायला बराच काळ लागला. म्हणजे सरकारी वाईट, खासगी चांगलं असं काही नाही.

आणि ज्याकडे माउंट व्हर्नॉनच्या बायकांनी फार काळ पाठ फिरवली ते सांगितलं नाही तर माझं उत्तर खोटं ठरेल. १७९९ मध्ये वॉशिंग्टनच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ वॉशिंग्टनच्या मालकीचे. त्यांची सुटका त्याने मृत्युपत्रात लिहिली. उरलेले बहुतेक मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले, त्यांना सोडायचा अधिकार दोघांनाही नव्हता. घर बांधलं, रंगवलं, त्या चेरी तोडल्या आणि बाटल्यांत भरल्या ते याच लोकांनी. संस्थेने त्यांच्या दफनभूमीवर एक फरशी बसवली १९२९ मध्ये, पण ती झाडीत विसरली गेली. एका पत्रकार बाईने वर्तमानपत्रात कान उपटले, तेव्हा हॉवर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या आराखड्यानुसार १९८३ मध्ये स्मारक झालं. थडगी कुठे आहेत हे शोधायचं पुरातत्त्वीय काम तर २०१४ मध्ये सुरू झालं. अजून तिथे गेलात नसाल तर वॉशिंग्टनच्या समाधीपासून चार पावलं पुढे जा. माँटपेलियरला याच मुद्द्यावर, विश्वस्तांत गुलामांच्या वंशजांना बरोबरीच्या जागा देण्यावरून, २०२२ मध्ये उघड भांडण झालं होतं. मंडळावर कोण बसतं, त्यावर भिंतीवर काय लिहिलं जातं हे ठरतं.

एक उदाहरण मात्र मी कुणालाही सांगायला तयार असते. पियाझावर उभं राहून नदीपार बघितलंत तर पलीकडे नुसती झाडी दिसते. ती आपोआप राहिलेली नाही. १९५५ मध्ये त्या काठावर तेलाच्या टाक्या येणार अशी कुणकुण लागली. ओहायोच्या फ्रान्सिस बोल्टन या खासदार बाई संस्थेच्या व्हाइस रीजंट होत्या. त्यांनी स्वतः पैसे घालून पलीकडची सुमारे ५०० एकर जमीन विकत घेतली. पुढे १९६१ मध्ये सरकारने तिथे पिस्काटावे पार्क केलं. घर एका राज्यात, जपलेला देखावा दुसऱ्या राज्यात. तेव्हा सरकार या कथेत अजिबात नाही असंही समजू नका. विजेच्या बाबतीत तर गंमतच झाली: बायकांना दिव्यांनी आग लागायची भीती, म्हणून १९१६ मध्ये एडिसनच्या मदतीने वीज आली, हेन्री फोर्डने १९२३ मध्ये आगीचा बंब दिला. मोठ्या माणसांकडून मागायचं तर अशी कामाची वस्तू मागावी, हे त्यांना कळत होतं.

आता तुमचं माडीचं घर. तुम्ही दिलेल्या माहितीवर मी ठाम काही सांगणार नाही, कारण तीन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे: वारस किती, छत शाबूत आहे का, आणि गावात कुणी रोज फिरकणारं आहे का.

माझ्या जुन्या कामांतला एक प्रसंग सांगते, गाव आणि समिती कुठली ते राहू दे. असंच एका थोर माणसाचं घर. निधी चांगला आला. समितीने माती-चुन्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, आत चकचकीत फरशी घातली, दारात अर्धपुतळा बसवला. मी नको म्हणत होते, कारण माती-चुन्याची भिंत श्वास घेते आणि सिमेंटने तिचं नाक दाबलं जातं. ओल आत कोंडली आणि सहा वर्षांत तुळयांची टोकं, भिंतीत गेलेली, भुसभुशीत झाली. तोवर समितीचे अध्यक्ष बदलले होते, किल्ली कुणाकडे हे सांगायलाही कुणी नव्हतं. पुतळ्याला जयंतीला हार पडतो, दरवाजा उघडत नाही. चूक माझीही होती. कामाच्या आधी देखभालीचं लेखी घ्यायला हवं होतं, ते मी घेतलं नाही.

म्हणून मंडळ काढण्याआधी नमुना ८ चा उतारा काढा, वारसांची नावं बघा आणि सगळ्यांची संमती घ्या. एक नाराज पुतण्या दहा वर्षं काम अडवू शकतो. ते जमत असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी करा. विश्वस्तांत वारसांपैकी एक, गावातली एखादी शिक्षिका, आणि ज्यांच्याविषयी घरात कुजबुजत बोललं जायचं त्या कुळांपैकी किंवा गड्यांपैकी कुणाचा तरी नातू असू द्या. जमा होणाऱ्या पैशातला मोठा हिस्सा बँकेत ठेवा, मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून वर्षाची डागडुजी. हे लोकांना आवडत नाही, त्यांना भिंतीवर नाव हवं असतं. तरी आग्रह धरा. आणि वर्ष ठरवा: घर कुठल्या काळातलं दाखवायचंय? ते कागदावर आल्याशिवाय एक वीटही हलवू नका.

पामेलाबाईंनी १८७४ मध्ये पद सोडताना मागे राहणाऱ्या बायकांना बजावलं होतं की वॉशिंग्टनचं घर तुमच्या हाती आहे, ते वॉशिंग्टनचंच घर राहील एवढं बघा; या देशात एक तरी जागा बदलातून वाचू द्या. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्यांच्यानंतरच्यांनी वीज आणली, बंब आणला, रंग बदलला आणि अलीकडे पायाही उकरला; तरी मला वाटतं त्यांनी बाईंचा शब्द पाळला. तुमच्या गावातही काय बदलायचं यावर भांडणं होतील, होऊ द्या.

सध्या एवढंच करा. छतावर प्लास्टिकचा कागद चांगला ताणून बांधून घ्या, पावसाळ्याआधी. आणि मला फोटो पाठवा, पण दर्शनी भागाचे नकोत. मागच्या भिंतीचे, जोत्याचे, तुळई भिंतीत जाते तिथले आणि पन्हाळीचे. पाऊस पडत असताना काढलेले असतील तर उत्तम.